गुडघाभर तत्त्वज्ञान

ज्या माणसाला आयुष्यभर कुणी 'भाजीला मीठ बरं आहे का' यापलीकडे मत विचारलं नाही, त्याला निवृत्तीनंतर एकदम 'तुमची जीवननिष्ठा काय' असं विचारू नये. माणूस बिथरतो. मी बिथरलो आणि खूशही झालो. या दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या की माझ्या हातून काय घडतं, हे आमच्या उमेळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. चिटणिसांनाही ठाऊक असायला हवं होतं, पण ते बिचारे अडलेले होते.

चिटणीस आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनमंडळाचे. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की 1951 साली अमेरिकेत एडवर्ड मरो या पत्रकारानं रेडिओवर एक कार्यक्रम सुरू केला. आपला विश्वास कशावर आहे आणि तो तिथवर कसा पोचला, एवढंच माणसांनी त्यात पाच मिनिटांत सांगायचं. हेलन केलर बोलल्या, एलिनॉर रूझवेल्ट बोलल्या, साधी नोकरदार माणसंही बोलली. 'मग उमेळ्यात का नको?' असं चिटणीस म्हणाले. ठरलेल्या वक्त्यानं आयत्या वेळी गुडघ्याचं निमित्त काढलं होतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. ते मला नंतर त्या गुडघ्याकडूनच कळलं.

मी म्हटलं, "पाच मिनिटांत माझं भागायचं नाही. पंचेचाळीस लागतील."

"असू दे," चिटणीस म्हणाले, "ज्याच्याकडे माल कमी, त्याला मांडायला वेळ जास्त लागतो."

हे त्यांनी इतक्या प्रेमानं म्हटलं की रात्री झोपताना मला त्याचा अर्थ लागला.

तयारीला पंधरवडा होता. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी 1900 साली. म्हणजे इतक्या बुद्धिमान बाईला, घरात असा कवी नवरा असताना, आपला विश्वास कशावर आहे हे ठरवायला पाच वर्षं लागली. मला पंधरवडा, आणि घरात मीच. पण मी डगमगलो नाही. श्रद्धा, विद्या आणि अनुभव असे तीन भाग वहीत पाडले, प्रत्येकाखाली चार-चार ओळी मोकळ्या सोडल्या आणि चहा मागवला.

श्रद्धेच्या भागात मला आजी लिहायची होती. मी जन्मानं कॅथलिक, आणि आमच्या वसईतला कॅथलिक म्हणजे मुळात एक लांबलचक गोष्ट आहे. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, आणि मधल्या दोनशे वर्षांत आमच्या पूर्वजांनी देव बदलला. पण लुगडं, लोणचं आणि भाऊबंदकी बदलली नाही. आजी लाल लुगड्यात रोज पहाटे चर्चला जायची. परत येताना कुणाच्या तान्ह्या बाळाला लोकांची नजर लागली असली तर मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायची आणि शेवटी कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण करून मिरच्या चुलीत टाकायची. मिरच्या तडतडल्या नाहीत तर दृष्ट जबर, हे तिला कुठल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं होतं, देव जाणे. बहुधा जाणत असावा.

तिच्या संतांची खाती वाटलेली होती. हरवलेल्या वस्तूंचं खातं पादुआच्या संत अंतोनीकडे. चष्मा सापडला नाही की ती त्याच्या तसबिरीसमोर उभी राहून बोलायची. प्रार्थना नव्हे ती, सरळ झाडणी. प्रवासाचं आणि परदेशाचं खातं संत गोन्सालो गार्सियाकडे. हा संत आमच्या वसईत जन्मलेला, पंचवीस जणांसोबत नागासाकीला 1597 मध्ये क्रुसावर गेलेला, आणि 1862 मध्ये रीतसर संत झालेला. आजीचं म्हणणं असं की तो गाववाला आहे, त्याच्याकडे अर्ज करायला मधे कुणी लागत नाही. आखातात गेलेल्या माझ्या काकाचं पत्र महिनाभर आलं नाही तेव्हा तिनं गोन्सालोला सुनावलं होतं, "तू गेलास तो परत आला नाहीस, निदान याला तरी पाठव." संताला असं बोलणारी बाई नरकात जाईल की थेट स्वर्गात, यावर लहानपणी मी पुष्कळ विचार केला आहे.

आणि गुडघ्यांचं खातं वज्रेश्वरीकडे. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत ती थंडीत एकदा जायचीच. वसईचा किल्ला पडावा म्हणून चिमाजी अप्पांनी याच देवीला नवस केला होता, असं परंपरा सांगते. म्हणजे ज्या पोर्तुगीजांनी आमच्या पूर्वजांच्या डोक्यावर पाणी घातलं त्यांना हाकलण्यासाठी जिचा आशीर्वाद मागितला गेला, तिच्याच दारी पाण्यात पाय सोडून आजी बसायची. मी कॉलेजात नवा नवा शहाणा झालेलो असताना तिला हे ऐतिहासिक विसंगतीसह समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पाणी कुणी तापवलं ते गुडघ्याला कळत नाही."

हे वाक्य वहीत लिहिलं आणि लक्षात आलं, पंचेचाळीस मिनिटांचा विषय आजीनं एका वाक्यात संपवलाय. आता उरलेली चव्वेचाळीस मी कुठून आणू? म्हणून ते खोडलं.

विद्येकडे वळलो. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्या उशाशी बायबल आणि तुकारामगाथा एकावर एक असत. कोण वर, कोण खाली, हे ते कुणालाही ठरवू देत नसत. रोज अदलाबदल करत. आमच्याच भुईगावचे फादर थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर पीएचडीचा प्रबंध लिहिला आणि 1998 मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला तेव्हा तेच पहिले बिशप झाले. त्या दिवशी वडिलांनी गाथेवर हात ठेवून "बघ" एवढंच म्हटलं. काय बघायचं ते सांगितलं नाही. मास्तर लोकांची ही खोड असते.

माझी विद्या मात्र विरार लोकलमधली. विरारहून मुंबईकडे 1867 पासून गाडी जाते आणि तेव्हापासून आमच्या इथल्या माणसाची वैचारिक जडणघडण तीत होते, असं माझं मत आहे. बँकेच्या नोकरीत मी चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून पुष्कळ वाचलं. विनोबांची 'गीता प्रवचने' त्याच सीटवर वाचली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी लिहून घेतलं. तुरुंगात त्यांना बसायला जागा माझ्यापेक्षा ऐसपैस मिळाली असावी, असं मला अंधेरीला नेहमी वाटे. पुढे एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस सापडले. एक गुलाम, एक रोमचा सम्राट, आणि दोघांचं म्हणणं एकच: काही गोष्टी आपल्या ताब्यात असतात, काही नसतात, नसलेल्यांसाठी जीव जाळू नये. दादरला उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात सापडून वांद्र्याला जाणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

तर वहीत मी एपिक्टेटस घेतला. त्याला जोड म्हणून मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय घेतला. डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं पाखरांचा दाखला दिलाय. ती पेरत नाहीत, साठवत नाहीत, तरी उपाशी राहत नाहीत. उद्याची काळजी उद्यावर सोडायला सांगणारा तोच अध्याय. ग्रीक गुलाम आणि नाझरेथचा सुतार या मुद्द्यावर एकत्र येतात आणि उमेळ्यात माझ्या वहीत येतात, हे पाहून मला भरून आलं. व्याख्यानाचं नाव ठरवलं: 'निश्चिंत'.

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण मला वाटलं की जे सांगायचं ते आधी जगून पाहावं. हा विचार ज्याला पावसाळ्याच्या तोंडावर सुचतो, त्यानं उमेळ्यात राहू नये. महाबळेश्वरला जावं.

आमचं घर सखल भागात आहे. एका अंगाला वसईची खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या अंगाला नव्या इमारतींचे भराव. पावसाळ्यापूर्वी आमच्याकडे जे चालतं त्याला आमची ही 'आवराआवर' म्हणते आणि मी मनात 'अविश्वास' म्हणतो. फ्रिज विटांवर चढतो. तांदळाचा डबा माळ्यावर जातो. पिंपं घासून पिण्याचं पाणी भरून ठेवायचं. मेणबत्त्या, काडेपेट्या, टॉर्चचे सेल. ओटीला ताडपत्री. गटाराचं तोंड साफ. माडाच्या वाळक्या झावळ्या उतरवायच्या. यातलं निम्मं काम माझं, निम्मं तिचं, अशी विभागणी लग्नापासून आहे.

त्या वर्षी मी जाहीर केलं की मी माझं निम्मं करणार नाही. "पाखरं विटा लावतात का फ्रिजखाली?" असं विचारलंही.

ती मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "बरं," म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या 'बरं'चा सूर ओळखायला हवा होता. तिनं तिचं निम्मं नेहमीप्रमाणे केलं. फ्रिज विटांवर गेला, तांदूळ माळ्यावर, तिच्या साड्या कपाटाच्या वरच्या खणात, तिची प्रार्थनेची पुस्तकं, लग्नाचा अल्बम आणि 'स्मृतिचित्रे' फळीवर सगळ्यांत उंच. माझ्या वाट्याचं होतं ते तिनं पाहिलंही नाही. माझी स्कूटर, इन्व्हर्टरची बॅटरी, गटाराचं तोंड आणि कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यातली माझी पुस्तकं माझ्या तत्त्वज्ञानाच्या स्वाधीन राहिली.

इथे एक जुनी भानगड सांगायलाच हवी. आमच्या घरामागे पूर्वी बावखल होतं. वसईबाहेरच्या वाचकाला सांगतो: बावखल म्हणजे वाडीत खोल खणलेला, पायऱ्या असलेला, कडेनं माड उभे असलेला पाणसाठा. विहिरीहून पसरट, तळ्याहून आटोपशीर. पावसाचं गोडं पाणी त्यात साठायचं, मुरायचं आणि जमिनीखालून सरकू पाहणाऱ्या खाडीच्या खाऱ्या पाण्याला अडवून धरायचं. त्यावरच केळी, पानवेली आणि भाजीच्या वाफ्यांचं चालायचं. आसपासच्या विहिरी उन्हाळ्यात गोड राहायच्या त्या बावखलांच्या जिवावर. जोराचा पाऊस झाला तर सगळं पाणी धावत तिथेच जायचं. वसईचा बांधकामाचा हंगाम सुरू झाला आणि एकेक बावखल बुजू लागलं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकारानं हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा मी मोर्चाला गेलो होतो. अगदी पुढे नव्हे, पण फोटोत यावं इतका. झाडं, पाणी, विहिरी वाचवा, अशा घोषणा दिल्या. घसा बसला म्हणून घरी येऊन गरम पाणी प्यालो आणि त्याच मोसमात वडिलांना पटवून आमचं बावखल भरावानं बुजवून घेतलं. डास होतात, पोरं पडतील, अंगण मोठं होईल, स्कूटर ठेवायला जागा होईल. शिवाय आमचं बावखल म्हणजे काही पर्यावरण नव्हतं. ती घरची बाब होती. वडिलांनी एवढंच विचारलं, "पाऊस पडल्यावर पाणी कुठे जाईल?"

मी शिकलेला होतो. "गटारात," म्हटलं.

वडिलांनी त्या दिवशी गाथा वर ठेवली की बायबल, ते मी पाहिलं नाही.

आता व्याख्यान. 8 जुलै 2018, रविवार, संध्याकाळ. पाऊस आदल्या दिवसापासून लागलेला. इतक्या पावसात माणसं आली याचं मला अप्रूप वाटलं. अर्धी माणसं रस्त्यात अडकली म्हणून आडोशाला आत आली होती, हे नंतर त्यांच्याच बोलण्यातून कळलं. मी रंगलो. पाखरं सांगितली, गुलाम सांगितला, सम्राट सांगितला. उद्याची चिंता हा आजचा चोर आहे, असं एक स्वरचित वाक्यही टाकलं. त्यावर मागच्या बाकावरून टाळी आली, पण ती डासासाठी होती.

प्रश्नोत्तरांत मागून एक बाई उठल्या. पदराला माती, हातात छत्री. बहुधा वाडीतून थेट आलेल्या. म्हणाल्या, "पाखरं साठवत नाहीत हे बरोबर. पण आभाळ भरलं की ती आधीच झाडात शिरतात. आज दुपारपासून एक कावळा दिसला नाही. तुम्ही घरी कधी जाणार?"

सगळे उठले. चिटणिसांनी आभार अर्ध्यात गुंडाळले.

सोमवारी पाणी रस्त्यावर आलं, आणि रात्री ते आमच्याकडे आलं. दारातून आलं असतं तर मी अडवलं तरी असतं. ते अंगणाच्या फरशीच्या सांध्यांतून वर आलं आणि ज्या आकारात पसरलं तो आकार मला ओळखीचा होता. पायऱ्या जिथे उतरत होत्या तिथे आधी, मग माडांच्या कडेनं गोल. इतक्या वर्षांनी त्याला स्वतःचा पत्ता तोंडपाठ होता. गटाराचं तोंड साफ नव्हतंच, त्यामुळे 'गटारात' जाण्याचा माझा पर्यायही त्यानं नाकारला.

मी पलंगावर पाय वर घेऊन बसलो आणि मनाशी म्हटलं, पाणी माझ्या ताब्यात नाही. मोठ्यानं म्हटलं असावं.

"बादली आहे ना ताब्यात?" ही म्हणाली.

एपिक्टेटसला बायको नव्हती, असं सांगतात. त्याचं तत्त्वज्ञान इतकं नेटकं का, याचा उलगडा मला त्या रात्री झाला.

मंगळवार आणखी वाईट. पश्चिम रेल्वे बंद, नालासोपाऱ्याजवळ वडोदरा एक्स्प्रेस पाण्यात उभी, तिच्यातल्या प्रवाशांना काढायला एनडीआरएफचे जवान. वसईच्या मिठागरातल्या वस्तीत शेकडो माणसं अडकली. त्यांच्या मानानं आमचं काहीच नव्हतं. आम्ही फक्त गुडघाभर. वीज गेली ती गेलीच. इन्व्हर्टर माझ्या वाट्याचा होता, म्हणून तोही गेला. स्कूटर पाण्यात शांत उभी होती. तिच्या सीटवर एक बेडूक बसला होता, आणि निश्चिंत या शब्दाला शोभेल असा आमच्या घरात तेवढाच एक जीव होता.

खालच्या कप्प्यातली पुस्तकं बाहेर काढली तेव्हा मार्कस ऑरेलियस फुगून दुप्पट झाला होता. विनोबांची पानं एकमेकांना चिकटली होती. माझ्या व्याख्यानाची वही तरंगत स्वयंपाकघरापर्यंत गेली होती. तिथे फ्रिज विटांवर कोरडा उभा होता. ही काही बोलली नाही. तिनं फ्रिजवरून लिंबं काढली आणि मला सरबत दिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग मी पुरुषार्थाला लागलो. दूध आणि मेणबत्त्या आणतो, म्हटलं. मेणबत्त्या घरात होत्या, तिच्या निम्म्यात. पण पुरुषार्थाला निमित्त लागतं. छत्री घेऊन निघालो. पाण्याखाली रस्ता कुठे आणि गटार कुठे हे पाठ आहे, असा माझा समज होता. सम्राटानंही डॅन्यूबच्या काठी छावणीत चिखल तुडवलाच असेल, असं म्हणत चार पावलं टाकली आणि पाचव्याला कमरेपर्यंत गेलो. छत्री उघडीच राहिली. त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला मी शांतपणे उभा आहे असं वाटत होतं आणि म्हणून कुणी आलं नाही.

आलं ते शेजारच्या घरातलं तरणं पोर. त्यानं काखेत हात घालून ओढलं. त्यांचं जोतं उंच. त्यांच्या आजोबांनी ते उंच बांधलं तेव्हा माझे वडील त्यांना म्हणाले होते, "बावखल आहे की इथे, एवढं उंच कशाला?" आजोबा म्हणाले होते, "मास्तर, बावखल तुमचं आहे. तुमच्या पोराचा भरवसा नाही." हा किस्सा शेजारच्या आजींनी मला टॉवेल देतानाच सांगितला. इतकी वर्षं त्यांनी तो जपून ठेवला होता.

ती रात्र आम्ही त्यांच्याकडेच काढली. एका चटईवर आमची ही रोजरीचे मणी घेऊन, दुसऱ्या टोकाला आजी हरिपाठ म्हणत. मध्ये एक मेणबत्ती, आणि ती धरायला मी. कारण मेणबत्ती बसवायला जे झाकण हवं होतं त्यावर बेसनाची पोळी वाढलेली होती. आधी दोघी आपापल्या लयीत होत्या. मग कुणाचं आधी संपतं अशी चढाओढ लागली असावी. ही मणी भराभर सोडू लागली तशा आजी अभंगांमागून अभंग उरकू लागल्या. मधेच आजी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तरच्या पोरा, तू काय म्हणतोस मनात?"

मी काही म्हणत नव्हतो. घाईघाईनं संत अंतोनीचं नाव घेतलं.

"काय हरवलंय?"

"चप्पल," मी म्हटलं. खरंच हरवली होती. एक.

"मग नीट माग. जोडीनं माग."

हिची रोजरी आधी संपली. आजींचं म्हणणं, तिनं मधली काही गाळली. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि दोघींच्या घरांतून दिवाळीला आणि नाताळाला ज्या करंज्यांची ताटं इकडून तिकडे जातात, त्यांत तो दरवर्षी थोडाथोडा पुढे सरकतो.

चप्पल पाणी ओसरल्यावर सापडली. आमच्याच अंगणात, फरशीच्या खचलेल्या कोपऱ्यात, म्हणजे बावखलाची शेवटची पायरी होती तिथे. मी ती उचलली तर खालची फरशीही हलली. पुढच्या उन्हाळ्यात त्या कोपऱ्यातल्या चार फरश्या काढून खड्डा मोकळा केला. त्याला बावखल म्हणणं म्हणजे बावखलाचा अपमान, पण पाऊस लागला की पाणी सवयीनं आधी तिथे जातं. डास होतात. ही बोलते. स्कूटर रस्त्यावर असते.

वाचनमंडळाचा वार्षिक अहवाल पुढे आला. चिटणीस माझ्या व्याख्यानात डुलक्या घेत होते हे मी पाहिलं होतं, पण कामाला ते चोख. जागे झाले तेव्हा जे कानी पडलं त्यावरून त्यांनी नोंद केली होती: 'स्थानिक वक्त्यांनी पक्षी, त्यांच्या सवयी व पावसाळ्यापूर्वीचे त्यांचे वर्तन या विषयावर माहितीपूर्ण व्याख्यान दिले. श्रोत्यांतून उद्बोधक चर्चा झाली.'

मी दुरुस्ती पाठवणार होतो. तेवढ्यात अहवाल वाचून शेजारच्या गावातल्या एका हौशी मंडळाचा फोन आला. हिवाळ्यात मिठागरात पाणपक्षी उतरतात, मुलांना घेऊन जायचं आहे, मार्गदर्शन कराल का? मी क्षणभर थांबलो. ही समोर मेथी निवडत होती.

"हो म्हणा," ती म्हणाली, "निदान बाहेर तरी असाल."

शेकाट्या ओळखता येतो. लांब लाल पाय. बगळ्यांत गायबगळा वेगळा काढता येतो. उरलेले सगळे मला अजून एकसारखेच दिसतात, पण मुलांना मी ठामपणे सांगतो, आणि आजवर एकाही पक्ष्यानं खोडून काढलेलं नाही.